लुसीबाईची थाळी

कसबा बावड्याच्या त्या मंगल कार्यालयात लग्नालासुद्धा कधी एवढी माणसं जमली नसतील. चपलांचा ढीग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आला होता. काठी टेकत आलेले म्हातारे होते, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालणाऱ्या आज्या होत्या, डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले होते, आणि ज्यांच्या डोळ्याला काडीचंही काही झालेलं नाही पण गर्दी दिसली की पाय वळतात, असे निम्मेअर्धे होते. कपाळावर भस्माचे पट्टे होते, कुंकू होतं, जाळीच्या गोल टोप्या होत्या. कोल्हापुरात चमत्कार म्हटलं की कुणी कुणाला जात विचारत नाही, एवढं एक बरं आहे.

व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र सफारीत ब्रदर सम्राट उभे होते. हातात चांदीची थाळी. थाळीत दोन टपोरे डोळे कोरलेले आणि दोन्ही बुबुळांच्या मधोमध काळा ठिपका.

"प्रियांनो," ब्रदर माईकला ओठ टेकवून म्हणाले, "सतराशे वर्षांपूर्वी सिसिली बेटावर एक कुमारी राहत होती. नाव लुसी. अधिकारी म्हणाला, तुझा देव सोड. ती म्हणाली, सोडत नाही. तो म्हणाला, तुझे डोळे फार सुंदर आहेत. तिनं काय केलं? स्वतःच्या हातानं दोन्ही डोळे काढले, थाळीत ठेवले, म्हणाली, आवडतात ना, ने घरी! आणि सकाळी देवानं तिला नवे कोरे डोळे दिले. ना ऑपरेशन, ना टाके, ना बिल!"

बिलावर लोक खूश होऊन हसले. ब्रदरांनी थाळी उंच धरली. "त्या थाळीचा अंश ह्या थाळीत आहे. विश्वासानं हिच्यातून पाहील, त्याला दिसेल."

सतराशे वर्षांपूर्वीचा अंश असलेली ती थाळी कालच हुपरीच्या चांदीबाजारातून आणल्यासारखी लखलखत होती. पण हे फक्त संयोगिताच्या मनात आलं, आणि मनातच राहिलं.

संयोगिता चोपडे गावातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती इथं स्वतःच्या मर्जीनं आली नव्हती. तिची आई रूथबाई हट्ट धरून बसली होती, आणि शेजारचे गुळाचे व्यापारी चन्नाप्पा गाडी काढून दारात उभे होते. चन्नाप्पा निपाणीकडचे, अंगापिंडानं दांडगे, मनानं भोळे. रूथबाईंना ते अक्का म्हणत. मागच्या रविवारी त्यांनी स्वतः ह्या थाळीतून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले होते, "खोटं सांगत न्हाई अक्का, गुळाच्या ढेपेवरचा शिक्का दिसना झालता मला. थाळीतनं मुंगीच्या पायाएवढं अक्षर वाचलो."

आता रूथबाईंची पाळी आली. ब्रदरांनी शास्त्राची, म्हणजे बायबलची, बारीक अक्षरांची प्रत त्यांच्यासमोर उघडली. वरून दोन मोठे फोकस पानावर सोडले होते. रूथबाईंनी थाळी डोळ्यांशी धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या वाचू लागल्या. आधी चाचरत, मग सरळ, मग खणखणीत. अख्खं स्तोत्र वाचून झालं तेव्हा त्यांचा पदर भिजला होता, आणि खोटं कशाला बोला, संयोगितानंही चष्मा काढून पुसला होता.

कारण वाचन म्हणजे रूथबाईंचा जीव होता. त्यांच्या आजेसासूनं बाप्तिस्म्याआधी मिशनच्या बाईंकडे दगडी पाटीवर अक्षरं गिरवली होती. त्या घराण्यातली अक्षर ओळखणारी ती पहिली बाई. तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढं उभं राहून शास्त्राचा पाठ वाचायचा मान चोपड्यांच्या घरात होता. दोन वर्षांपूर्वी रूथबाईंना अक्षरं एकमेकांत घुसल्यासारखी दिसायला लागली आणि त्यांनी तो मान आपणहून सोडला. त्याच सुमाराला डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी रोज घालायला थेंब दिले, चष्म्याचा नवा नंबरही काढून दिला. थेंब त्या घालत होत्या. चष्मा मात्र, "काचा बदलून कुठं डोळं बदलत्यात?" असं म्हणून केला नव्हता.

व्यासपीठावरून उतरताना ब्रदरांनी त्यांच्या हातात तेलाची बाटली ठेवली. "ज्योतीचं तेल, माई. रोज पापण्यांना लावायचं. आणि डॉक्टरचे थेंब बंद. एका डोळ्यात दोन मालक राहत नाहीत. थेंब घातला म्हणजे लुसीवर अविश्वास दाखवला."

त्या दिवसापासून थेंब बंद झाले.

संयोगितानं काय काय केलं नाही? समजावलं, रागावली, दोन दिवस अबोला धरला. मंडळीचे पाळकसाहेब येऊन सांगून गेले की, बाई, आपण प्रोटेस्टंट, आपल्यात संतांची थाळी, तेल असलं काही बसत नाही. रूथबाई शांतपणे म्हणाल्या, "पूजा कोण करतंय? मी नुसतं बघतो."

"आई, घरी तुला अजून वाचता येत न्हाई. फक्त तिथंच येतंय. हे कसं काय?"

"म्हणजेच जागेत सामर्थ्य हाय की."

वर्गात चाळीस पोरींना गप्प करणारी बाई स्वयंपाकघरात एका म्हातारीपुढं हात टेकून बसत होती.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी ती मुकाट्यानं ब्रदरांच्या रांगेत उभी राहिली. तिचा स्वतःचा चष्मा जाड भिंगाचा होता. चष्मा काढला की समोरच्या माणसाचं नाक कुठं आणि मिशी कुठं ते कळत नसे. पाळी आल्यावर तिनं चष्मा पर्समध्ये टाकला आणि थाळीतून पाहिलं. लांबच्या भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे लख्ख दिसले.

ती दचकली. विश्वास तर तिच्याकडे चिमूटभरही नव्हता, मग लुसी तिच्यावर का प्रसन्न झाली? तिनं थाळी डोळ्यांना आणखी चिकटवली, आणि बुबुळातला काळा ठिपका म्हणजे ठिपका नसून आरपार भोक आहे, टाचणीनं पाडावं तेवढं, हे तिला कळलं. भोकातून सगळं स्वच्छ दिसत होतं, पण उजेड कमी वाटत होता, संध्याकाळ झाल्यासारखा. फोकस कशाला लावलेत ते तिच्या ध्यानात आलं. साडीची पिन काढून तिनं ब्रदरांच्याच जाहिरातीच्या कागदाला भोक पाडलं आणि त्यातून पाहिलं. घड्याळाचे आकडे तितकेच लख्ख.

"अहो, ह्या कागदातून पण दिसतंय," ती मोठ्यानं म्हणाली. दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. एक म्हणाला, "पावणं, रांग मोडू नगा."

गोष्ट एवढीच होती. ज्याच्या डोळ्याला नंबर आहे त्याच्या डोळ्यात चहूबाजूंनी आलेले किरण नीट एकवटत नाहीत आणि अक्षर पुसट होतं. बारीक भोकासमोर डोळा धरला की पसरणारे किरण बाहेरच अडतात, बारीकशी तिरीप आत जाते, आणि अक्षर रेखीव दिसतं. भोक काढलं की पुन्हा पहिल्यासारखं धूसर. डोळ्याच्या प्रत्येक दवाखान्यात असं भोकं पाडलेलं काळं प्लॅस्टिक पडलेलं असतं. पेशंटला चष्म्यानं फरक पडेल का, ते त्यातून बघतात. ब्रदरांनी त्या प्लॅस्टिकची चांदी केली होती.

संध्याकाळी तिनं आईसमोर पोस्टकार्ड, टाचणी आणि टेबललॅम्प मांडला. रूथबाईंनी कार्डातून शास्त्र वाचलं. घरात, आपल्या खुर्चीवर बसून. संयोगिताला वाटलं, आता संपलं एकदाचं.

रूथबाई कार्ड खाली ठेवून म्हणाल्या, "बरं मग?"

"बरं मग काय? चमत्कार न्हाई हा. भोक हाय."

"भोक असू दे न्हाईतर खिडकी असू दे. वाचता येतंय न्हवं? माझं डोळं शाबूत हाईत म्हणून येतंय. आंधळ्याला भोकातनं दिसंल का?"

संयोगितानं कपाळावर हात मारून घेतला. चूक नेमकी इथंच होती. चोपड्यांच्या घरात तीन पिढ्या डोळा म्हणजे वाचायचं साधन. अक्षर दिसलं म्हणजे डोळे चांगले. डोळ्याला दुसरंही काम असतं हे त्या घरात कुणी कधी धरलंच नव्हतं.

त्या रात्री तिनं आईला लुसीची गोष्ट सांगितली. आईनं ऐकून घेतली, कारण गोष्ट कुणाचीही असो, रूथबाई ऐकून घेत.

"सगळ्यात जुनी हकीगत वाचली की त्यात डोळे नाहीतच, आई. सिराक्यूज गावची पोर. तिची आई कित्येक वर्षं आजारी. आई बरी झाल्यावर लुसीनं आपल्या लग्नासाठी ठेवलेलं सगळं गोरगरिबांना वाटून टाकलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो चिडला आणि ही ख्रिस्ती आहे म्हणून त्यानं चुगली केली. कोर्टात तिला म्हणाले, बादशहाच्या देवांपुढं बळी दे आणि मोकळी हो. ती नाही म्हणाली. तलवारीनं मारली तिला. त्या हकिगतीतही बैलांच्या जोड्या लावूनही ती जागची हलली नाही, असले प्रकार आहेत. ते मी सोडून देते. पण त्या गावात जुन्या थडग्याच्या एका दगडावर तिचं नाव आहे, म्हणजे पोर होऊन गेली असणार. डोळे आणि थाळी तिच्या हातात शेकडो वर्षांनी चित्रकारांनी दिली."

"म्हणजे तिनं डोळं काढलंच न्हवतं?"

"न्हाई."

"मग तिनं केलं काय?"

"सगळे हो म्हण म्हणत होते, आणि ती नाही म्हणाली. एवढंच केलं."

रूथबाई उठून तेलाची बाटली घेऊन झोपायला गेल्या.

पुढच्याच आठवड्यात बाजारातून येताना डावीकडून आलेल्या मोपेडचा धक्का लागून त्या पडल्या. गुडघे फुटले. "गाडीवाला आंधळा हाय," त्या म्हणाल्या. घरात दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा, कपाच्या बाहेर चहा सांडायचा. संयोगितानं गुडघ्याच्या निमित्तानं त्यांना रिक्षात घातलं आणि रिक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली.

डॉ. राजशेखर यांनी डोळ्यांचा दाब मोजला. मग त्यांना एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. रूथबाई पुष्कळदा नुसत्याच बसून राहिल्या. शेवटी कागद निघाला. डाव्या बाजूला शाईचा बुधला सांडावा तसा काळा.

"थेंब कधी बंद केले?" डॉक्टरांनी विचारलं. सहा महिने झाले, हे ऐकून ते खुर्चीत मागं टेकले. "बाई, काचबिंदू कडेनं खात येतो. मधला भाग, वाचायचा, तो सगळ्यात शेवटी जातो. म्हणून माणसाला वाटतं, माझं झकास चाललंय. जे गेलं ते मी परत आणू शकत नाही. उरलंय ते राखू शकतो. थेंब आजपासून चालू करा."

रिक्षात बसल्यावर रूथबाई म्हणाल्या, "मशीन बिघडलंय त्यांचं. मी वाचतो की."

संयोगिता रस्त्याकडे तोंड करून रडली. आईला ते दिसलं नाही. संयोगिता तिच्या डावीकडे बसली होती.

डिसेंबरच्या तेराव्या तारखेला, लुसीच्या सणाला, ब्रदरांनी मोठी सभा लावली. मुख्य साक्ष रूथबाईंची होती. संयोगिता सकाळपासून फाटकाशी उभी राहिली आणि टाचणीनं भोक पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं वाटू लागली. लोकांनी पाहिलं, लोकांना दिसलं, लोक थक्क झाले. आणि मग एक म्हातारी तिच्या पाया पडायला वाकली.

"बाई, तुमच्या हाताला पण गुण हाय. माझ्या सुनंसाठी एक भोक पाडून द्या."

"अहो आजी, माझ्या हाताचा काही संबंध न्हाई. तुम्हीच पाडा. ही घ्या टाचणी."

"न्हाई न्हाई. तुमच्याच हातचं पायजे."

बघता बघता तिच्यापुढं रांग लागली. हाताला गुण असलेल्या बाईंची रांग. चन्नाप्पा रांग सरळ करू लागले. संयोगितानं उरलेली कार्डं टराटरा फाडून टाकली आणि आत गेली. लोक आत येईपर्यंत ब्रदरांना बातमी पोचली होती. ते हसतमुखानं माईकवर म्हणाले, "पाहिलंत, प्रियांनो? लुसीची कृपा आता कागदावरही उतरली!" टाळ्या पडल्या. युक्ती उघडी करून काही होत नाही, हे तिला तेव्हा पुरतं कळलं. युक्ती उघडी पडली की तिचाच चमत्कार करतात.

रूथबाईंचं नाव पुकारलं गेलं. आईला आधार द्यायला म्हणून संयोगिता त्यांच्याबरोबर वर चढली, आणि चन्नाप्पांनाही तिनं हाताला धरून वर घेतलं. रूथबाईंनी थाळीतून स्तोत्र वाचलं. सभागृह डोळे पुसत होतं.

"अजून काय पुरावा हवा?" ब्रदर म्हणाले.

"एकच," संयोगिता म्हणाली आणि माईकजवळ सरकली. "आई, थाळी खाली ठेव. सरळ ब्रदरांच्या तोंडाकडं बघ. मान हलवू नको." मग तिनं चन्नाप्पांना खुणेनं आईच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभं केलं आणि दोन्ही हात हलवायला सांगितलं. तो धिप्पाड माणूस भर व्यासपीठावर पवनचक्की करत उभा राहिला. पुढच्या ओळीतली पोरं फिदीफिदी हसली.

"आई, ब्रदर दिसत्यात?"

"दिसत्यात की. मिशी बी दिसतीया."

"तुझ्या डाव्या हाताला कोण हाय?"

"कोण न्हाई."

हसणं थांबलं. चन्नाप्पांचे हात हवेत तसेच राहिले. "अक्का," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी हाय की हितं."

रूथबाईंनी झटकन मान वळवली. आपल्या नाकासमोर उभ्या असलेल्या चन्नाप्पांकडे त्या बघत राहिल्या. मग पुन्हा सरळ बघितलं, पुन्हा मान वळवली. तसं त्यांनी तीनचारदा केलं. कुणीही त्यांना थांबवलं नाही.

"माई, घाबरू नका," ब्रदर पुढं आले. "विश्वास थोडा कमी पडला. म्हणा, मला दिसतंय. मोठ्यानं म्हणा. सगळे म्हणा, माईंना दिसतंय!"

अर्ध्या सभागृहानं म्हटलंसुद्धा. रूथबाईंनी माईक हातात घेतला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दिसत न्हाई. आणि विश्वास माझा तुमच्यापेक्षा जास्त होता. कमी पडलं ते औषध."

ब्रदरांनी माईकवाल्याला डोळा घातला आणि आवाज गेला. पण संयोगिताचा आवाज शाळेत घोटलेला होता. "ऐका," ती ओरडून म्हणाली. "ह्या भोकातून ज्याला चांगलं दिसलं त्याला चष्मा लागतोय. एवढाच त्याचा अर्थ. घरी कागदाला स्वतः भोक पाडून बघा, माझ्याकडं येऊ नका. आणि चष्मा झाला म्हणून डोळा बरा झाला असंही समजू नका. डोळ्याचा दाब मोजून घ्या. वाचता येणाऱ्या माणसाचासुद्धा डोळा जातोय. माझ्या आईचा गेला. ज्या पोरीनं स्वतःसाठी काही ठेवलं न्हाई, तिच्या नावानं हा माणूस तुमचं औषध बंद करतोय. त्याला विचारा, का?"

कुणी विचारलं नाही. निम्मे लोक उठले. निम्मे बसून राहिले, कारण त्यांची पाळी अजून यायची होती. ब्रदरांनी घाईघाईनं जाहीर केलं की पुढची सभा चंदगडला आहे आणि तेल बाहेर टेबलावर मिळेल. टेबलापुढं रांग लागलीच. तक्रार द्यायला संयोगिता त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाणार होती, पण त्या रांगेकडे बघून तिनं ते उद्यावर टाकलं आणि आईला घेऊन फाटकाकडे वळली.

फाटकात रूथबाईंचा धक्का एका बाईला लागला. ती त्यांच्या डावीकडून आली होती. चाळिशीची असेल. तिच्या एका हातात तेलाची नवी बाटली होती, दुसऱ्या हाताशी काळा चष्मा घातलेली सासू.

"दिसत न्हाई का, मावशी?" ती बाई वैतागून म्हणाली.

"ह्या अंगाला न्हाई दिसत," रूथबाई म्हणाल्या. मग त्या पूर्ण वळल्या, तिची बाटली पाहिली, सासूचा चष्मा पाहिला, आणि तिचं मनगट धरलं. "ह्यांना डॉक्टरनं थेंब दिल्यात का?"

"दिल्यात. पण आता आजपासनं बंद करायचं सांगितलंय ब्रदरनी."

"करू नगा," रूथबाई म्हणाल्या. "मी केलते."